गळ्यातला कांदा

दुपारी दीड वाजता बाजारओळीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. मे महिना होता. आधी फटाक्यासारखा आवाज झाला, मग आमच्या जनावरांच्या दवाखान्यातला कूलर घरघरत थांबला, आणि मी हात पुसत होते तोवर फोन वाजला.

"म्याडम, मी इंगोलेबाई बोलून राहिली. लाइन गेली इकडची. भोला कसातरीच करून राहिला. या बाप्पा तुम्ही लवकर!"

"एसी कधी बंद पडला?"

"आत्ताच तर आवाज झाला ना डीपीचा! पण सकाळपासून व्होल्टेज नव्हतं, खोली भट्टीसारखी झाली."

मी पिशवी उचलली आणि निघाले.

भोला म्हणजे त्यांचा कुत्रा. सेंट बर्नार्ड जातीचा, तीन वर्षांचा, वासराएवढा. परतवाड्याच्या रस्त्यावरच्या आमच्या त्या तालुक्याच्या गावात या जातीचं दुसरं कुत्रं नव्हतं, आणि खरं तर हेही असायला नको होतं. इंगोल्यांच्या मुलाने पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते हौसेने आणलं, नाव ब्रूनो ठेवलं आणि कॅनडाला जाताना दोन महिन्यांपुरतं म्हणून आईवडिलांकडे सोडलं. त्याला दीड वर्ष झालं होतं. ब्रूनोचा भोला झाला होता. ज्वारीची भाकर ताकात कुस्करून खात होता. देविदास इंगोले वीज कंपनीतून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या घरचे दिवे लावले, पण त्यांच्या स्वतःच्या घरात एसी आला तो या कुत्र्यासाठी. नवराबायको बाहेरच्या खोलीत कूलरपुढे झोपत आणि भोला आत.

मी साताऱ्याकडची. ही माझी पहिलीच नेमणूक. गाई-म्हशींत दिवस जायचा. हिवाळ्यात इंगोले त्याला लस टोचायला घेऊन आले तेव्हा मी असा कुत्रा पहिल्यांदा जवळून पाहिला.

"म्याडम, ही जात मूळची कोन्या गावची?" त्यांनी विचारलं होतं.

"आल्प्सच्या डोंगरातली. तिथे एका खिंडीत संन्याशांचा मठ आहे. बर्फात कोणी वाट चुकून पडला की हे कुत्रे त्याला हुंगून शोधायचे. एक जण त्या माणसाला अंग लावून शेजारी पडून राहायचा, ऊब द्यायला. दुसरा मठात जाऊन माणसं बोलवायचा. असं सांगतात."

"अन् गळ्यात ते पिंप बांधते ना दारूचं? पोरानं फोटो दाखवला होता."

"ते चित्रकाराच्या मनातलं. खरं नाही."

"बरं झालं," त्यांच्या पत्नी वनमालाबाई म्हणाल्या. "नाईतर आमच्या गल्लीतले अर्धे लोक रोज बर्फात पडले असते."

हे बोलणं चाललं असताना भोला माझ्या टेबलाखालून उठला आणि कोपऱ्यात एक आजारी गोऱ्हा निजला होता त्याच्या पाठीला पाठ लावून आडवा झाला. गोऱ्ह्याचा मालक घाबरून बाकावर चढला. इंगोले म्हणाले, "उतरा जी खाली. तो काई करत नाई. ही तापानं पडली होती तर दोन दिवस हिच्या खाटेखालून हलला नाई. भुंकत बी नाई लेकाचा. चोर आला तर त्याले बी पाय चेपून देईन."

त्याच दिवशी मी त्यांना उन्हाळ्याचं सगळं सांगितलं. फिरवायचं ते उजाडायच्या आत. जेवण दिवस मावळल्यावर. फरशी ओली ठेवा. आणि केस कापू नका; ते दुहेरी केस थंडीत जसे ऊब धरतात तसे उन्हातही आच अडवतात. इंगोल्यांनी मान डोलावली होती.

त्या दुपारी मी पोचले तेव्हा भोला न्हाणीच्या फरशीवर पसरला होता आणि त्याच्या अंगावर केस नव्हते. मेंढीला कातरतात तसा तो पाठीपासून पोटापर्यंत कातरलेला होता. मधेमधे कातरीचे ओरखडे होते आणि गुलाबी कातडं उन्हाने लाल पडलं होतं. तेवढं डोकं आणि शेपटीचा झुबका शिल्लक होता.

"हे कोणी केलं?"

वनमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मारोतराव मेंढरं कातरते ना, त्याच्याकडून. परवाच्या दिवशी. जिवाले हलकं वाटंन म्हनलं. तुम्ही नाई म्हनल्या होत्या, हे सांगे मले. मीच ऐकलं नाई."

"आणि मग उन्हात बांधला?"

"नाई वं बाई! कातरल्यावर आंगनात मोकळा नाचला तो. इतका नाचला, म्हनून राहू दिला."

मी थर्मामीटर लावला. भोलाने मान वळवून पाहिलं आणि परत टाकली. जीभ जांभळट झाली होती, लाळ दोरीसारखी लोंबत होती. पारा एकशे सहाच्या वर गेला होता. नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतलं. हात भाजेल एवढं तापलेलं. बोअरची मोटर बंद.

"हापशीचं पाणी आणा. पोटावर, पायांवर ओतायचं. आणि वारा घाला, सारखा."

शेजारच्या बायका बादल्या घेऊन धावल्या. कोणी सूप आणलं, कोणी लग्नात मिळालेला हातपंखा. अंगणात दहा-पंधरा माणसं जमली आणि प्रत्येकाकडे एक उपाय होता.

"बर्फ आना, बर्फ!"

"बर्फाचा कारखाना आपल्याच डीपीवर हाये बे. अन् होता तेवढा लग्नाले गेला सकाळी."

"पन्हं पाजा त्याले."

"तू पी पन्हं. त्याची जीभ पाह्यली का?"

एवढ्यात इंगोले आले. आवाज झाल्याबरोबर ते डीपीपाशी जाऊन उभे राहिले होते. चेहरा विटेसारखा लाल. उन्हाळ्यात तिकडचा कोणताही माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्यांनी आल्याआल्या तो सोडला, बादलीत बुडवला आणि भोलाच्या पाठीवर पसरला. मग सदऱ्याच्या खिशातून कांदा काढला. ऊन लागू नये म्हणून तिथे लोक खिशात कांदा ठेवतात. मी सुरुवातीला हसायचे, मग मलाही सवय झाली होती. इंगोल्यांनी तो कांदा सुतळीने भोलाच्या लाल पट्ट्याला बांधला.

"म्याडम, पिंप नाई तर कांदा तरी," ते म्हणाले.

"डीपीचं काय झालं?"

"तेल सांडलं सारं. कॉइल गेली. दुरुस्तीची नाई ते, बदलाची हाये." त्यांनी फोन काढून कोणाला तरी लावला. "ठाकरे, इंगोले बोलतो. हो, पाह्यली मी. अमरावतीहून कधी निघते गाडी?"

पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "भाऊ, उद्या दुपारपर्यंत होते म्हणते साहेब. तुम्हाले तर सारं माईत हाये."

"माईत हाये."

"तुम्हीच शिकवलं ना आम्हाले, लोकायले उद्या सांगाव, म्हंजे परवा झालं तरी चालते."

इंगोले हसले नाहीत. "शेजारच्या डीपीवरून जंपर टाकून लाइन घेतली तर?"

"ते बी उडंन भाऊ. सरकारी दवाखाना हाये तिच्यावर."

"हो," इंगोले म्हणाले. "हो. नको टाकू."

फोन ठेवून ते पुन्हा बाहेर गेले. मला वाटलं, पाण्याला गेले. नंतर कळलं की ते परत डीपीपाशीच गेले होते आणि उघड्या डोक्याने खांबाखाली उभे होते. चढायचं वय नव्हतं आणि चढून करायचंही काही नव्हतं. ते नुसते वर बघत होते, असं पानटपरीवाल्याने सांगितलं.

तासभर आम्ही पाणी ओतलं. पारा थोडा उतरायचा आणि हात थांबला की चढायचा. बादल्या आणणाऱ्या बायका एकेक करून भिंतीच्या सावलीला बसू लागल्या. काय करायला हवं ते मला सगळं ठाऊक होतं. त्यासाठी एक गार खोली हवी होती.

"बोबड्याच्या कोल्ड स्टोरेजले जनरेटर हाये," वनमालाबाई एकदम म्हणाल्या.

प्रमोद बोबड्यांचं संत्र्यांचं शीतगृह मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होतं. मी फोन लावला.

"म्याडम, संत्र्याशेजारी कुत्रं ठेवू? व्यापारी मले जोड्यानं मारतीन."

"आत नको. बाहेरची खोली आहे ना, माल उतरवायची? तेवढी पुरे."

"आना," ते म्हणाले. "पन मालाकडे त्याचं तोंड करू नका."

गल्लीत सिमेंट रस्त्याचं काम चालू होतं. गाडी आत येत नव्हती. मग खाट काढली. भोलाला खाटेवर घेतलं, वरून ओली पांढरी चादर घातली, आणि चौघांनी खाट खांद्यावर उचलली. पुढचा उजवा खांदा इंगोल्यांचा होता. त्यांना नको म्हटलं तर म्हणाले, "माह्या घरचा हाये तो. मी नाई तर कोन देईन खांदा?"

बाजारओळीतून आम्ही निघालो. पुढे खाट, मागे बादली घेतलेल्या वनमालाबाई, त्यांच्यामागे मी. एका कापडवाल्याने शटर अर्धं खाली ओढलं. हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने टोपी काढून हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "कोन गेलं माय?"

तेवढ्यात चादरीखालून शेपटीचा झुबका बाहेर आला आणि हलला. म्हातारा दोन पावलं मागे सरला. खांदा देणारे हसले, वनमालाबाईही हसल्या, आणि हसता हसता रडल्या. इंगोले तेवढे हसले नाहीत. त्यांचा तोल एकदा गेला, त्यांनी सावरला.

शीतगृहाच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवताच मला माझ्याच घामाची थंडी वाजली. भोलाला फरशीवर उतरवलं. बोबड्यांनी स्वतः ओलं पोतं आणून त्याच्या पोटाखाली सरकवलं.

"भाऊ, आत या," मी म्हटलं.

इंगोले दाराबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये थांबले होते. "नाई म्याडम. उन्हातून एकदम गारव्यात गेलं का गरमसरद होते. मानूस जागच्या जागी पडते. मी बसतो इथं."

"असं काही होत नाही."

"होते," बोबडेही म्हणाले. "आमचे हमाल बी आधी घटकाभर बाहेर बसतात." त्यांनी दार लावून घेतलं. गारवा बाहेर जात होता.

अर्ध्या तासात पारा एकशे तीनवर आला. भोलाची जीभ गुलाबी झाली. तो पाणी प्यायला. पाय गोळा करून उठायला लागला तेव्हा बोबड्यांनी टाळी वाजवली. "पाह्यलं! माह्या स्टोरेजचं नाव पेपरात दिलं पायजे कोनं तरी."

भोला उठला तो सरळ दाराकडे गेला. मागचे पाय लटपटत होते. दारावर पंजा मारू लागला. बोबड्यांनी पट्टा धरून मागे ओढला. तो पुन्हा गेला.

"त्याले मुतायले जायचं असंन," वनमालाबाई म्हणाल्या.

दार उघडलं. भोला मुतला नाही. भिंतीला टेकून बसलेल्या इंगोल्यांपाशी गेला आणि त्यांच्या पायांना पाठ लावून, पूर्ण लांब होऊन, त्या तापलेल्या फरशीवर निजला.

"घ्या! बापाबिगर करमत नाई त्याले," वनमालाबाई म्हणाल्या. सगळे हसले. हमालांनी त्याला उचलून आत आणलं. त्याने परत दार गाठलं. कोणीतरी पोत्यांची गाडी आत घ्यायला दार उघडलं तशी तो फटीतून निसटला आणि पुन्हा तिथेच जाऊन पडला.

माझा संयम सुटला. इतकं करून आणलेला जीव परत पत्र्याखाली. मी बाहेर गेले. "भाऊ, तुम्ही आत चला बरं. तुम्ही बसाल तर तो बसेल. ऐका माझं."

इंगोल्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला नाही. "ठाकरे," ते म्हणाले, "फ्यूज काढला का वरचा? काढल्याबिगर चढू नको बाप्पा."

मी खाली बसले. भोलाच्या गळ्यात कांदा होता. त्याची पाठ अजून ओल्या दुपट्ट्याने गार होती. मी इंगोल्यांच्या कपाळाला हात लावला. तवा. अंगावर घामाचा एक थेंब नव्हता. दुपारपासून मी कुत्र्याचा ताप मोजत होते. या माणसाला पाण्याचा पेला कोणी दिला होता का, हे जमलेल्यांपैकी एकालाही आठवलं नाही.

पुढचं भराभर झालं. त्यांना आत घेतलं, सदरा काढला, पाणी ओतलं, वारा घातला. सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावून लगेच अमरावतीला पाठवलं. रुग्णवाहिका सुटली तेव्हा भोला शीतगृहाच्या दारावर अंग आपटत होता. बोबड्यांनी बाहेरून कडी लावली. आतून आवाज आला. इतका मोठा, घशाच्या तळातून आलेला आवाज, की हमाल थबकले. दीड वर्षात त्याचं भुंकणं गावात कोणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठरल्याप्रमाणे नवी डीपी बसली. घरात एसी सुरू झाला, पण घराला कुलूप होतं. इंगोले अमरावतीला बेशुद्ध होते, वनमालाबाई त्यांच्या उशाशी, मुलगा कॅनडात तिकीट शोधत होता. बोबड्यांना खोली हवी होती. माझ्या क्वार्टरला पत्रा होता.

चिखलदऱ्याचे शंकर येवले त्या दिवशी खवा घेऊन खाली आले होते. डोंगरावर त्यांच्या म्हशी आहेत. त्यांना मी लसी टोचत असे. मी विचारलं.

"न्या म्हणता तर नेतो," ते म्हणाले. "आमच्याकडं रात्रीचं पांघरून लागते. पन बिबट्या आला तर भुंकंन का हा?"

"नाही. बिबट्याशेजारी जाऊन निजेल."

मी वनमालाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "न्या त्याले. तो तरी जगला पायजे. ह्यायले काय सांगू मंग मी?"

येवल्यांच्या पिकअपमध्ये खव्याच्या रिकाम्या डब्यांशेजारी भोला बसला. कांदा तसाच होता. सोडायचं कोणाला सुचलं नाही.

वर तो आठवडाभर राहिला. येवले फोनवर सांगत: दूध पितो, भाकर खात नाही. म्हशींत बसतो, पण तोंड घाटाकडे करून. मग एका सकाळी त्यांचा फोन आला की पट्ट्याची साखळी तुटलेली आहे.

मी घाट चढले. वळणावळणावर विचारलं. पायथ्याच्या जंगल नाक्यावरच्या शिपायाने त्याला पाहिलं होतं.

"नऊच्या सुमाराले आला म्याडम. आंगावर केस नाई, डोकं एवढं मोठं. लाल पट्टा अन् त्याले सुकलेला कांदा. माह्या माठाखालच्या टोपल्यातलं पानी पेला अन् परतवाड्याच्या रस्त्यानं गेला."

"तुम्ही अडवलं नाही?"

"अस्वल समजलो ना बाप्पा. मी खोलीत शिरून कडी लावली. मंग कांदा आठवला. अस्वलाच्या गळ्यात कोन कांदा बांधीन?"

नाक्यापासून आमच्या गावापर्यंत रस्त्याला त्या वेळी सावली नव्हती. झाडं रुंदीकरणात गेली होती. मी तो रस्ता पुन्हा पुन्हा गाडीने पालथा घातला. पुलांखाली उतरले, धाब्यांवर विचारलं, वीटभट्ट्यांवर विचारलं. अमरावतीच्या रस्त्यालाही गेले.

इंगोले शुद्धीवर आले तेव्हा मी दवाखान्यात होते. डावा हात उचलला जात नव्हता, जीभ जड झाली होती. पहिला शब्द कळायला वेळ लागला.

"भोला?"

वनमालाबाईंना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "वर हाये," त्या म्हणाल्या. "चिखलदऱ्याले. गारव्यात हाये. दूध पेते मस्त."

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं, ते बाईंनी पदराने टिपलं.

याला सहा वर्षं झाली. माझी बदली वर्ध्याला झाली. इंगोले काठी घेऊन अंगणात फिरतात. घाट चढायला डॉक्टरांची मनाई होती, त्यामुळे वर जायचा विषय निघत नसे. दर उन्हाळ्यात मुलगा फोनवर म्हणतो, त्याला घरी आणू या का, तर इंगोले अडखळत सांगतात, "खाली नका आनू त्याले. तिथंच बरा हाये." वनमालाबाईंनी भोलाच्या पुष्कळ गोष्टी रचल्या आहेत. त्याचे केस परत आले. एका पावसाळ्यात दरीकाठी म्हैस घसरली तेव्हा तो रात्रभर तिच्याजवळ बसून राहिला. ही शेवटची गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा ती मलाही खरी वाटली.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"म्याडम, डाक्टरनं घाट चढायची परवानगी देली. पोरगं दिवाळीले येऊन राहिलं, गाडी बी ठरवली त्यानं. हे म्हनते, त्याचं वय झालं आता, एकदा पाहून येऊ. ह्यायनं नवा पट्टा आनून ठेवला. काय सांगू मी?"

"मी कळवते," मी म्हटलं.

मी येवल्यांना फोन केला, बोबड्यांना केला. नाक्यावरचा तो शिपाई आता तिथे नाही. त्याचा नंबर मिळवून त्यालाही केला. त्याने तेच सांगितलं, पाणी प्यायला आणि परतवाड्याच्या रस्त्याने गेला. त्या नाक्याच्या पुढे भोलाला पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. वनमालाबाईंना मी अजून काही कळवलेलं नाही.